आशिया कप आणि त्याच्याही आधीचं फुटबॉल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आशियातल्या जुन्या फुटबॉलचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, आणि उत्तरं अर्धी ऐकीव असतात, म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी टाकतोय. कालखंड साधारण १९१३ ते १९७४. एक गोष्ट आधीच सांगतो, नुसतं पॉइंट टेबल बघून या काळातलं काही कळत नाही. कोण जिंकलं याच्याइतकंच कोण आलंच नाही, कुणाला व्हिसा मिळाला नाही आणि कुणी ऐनवेळी माघार घेतली हे बघावं लागतं.

आशियातली पहिली इंटरनॅशनल स्पर्धा म्हणजे आशिया कपच ना?

नाही. आशिया कप १९५६ चा. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी १९१३ साली मनिलामध्ये फार ईस्टर्न गेम्स सुरू झाले, तेव्हा त्याला फार ईस्टर्न ऑलिम्पिक म्हणायचे. फिलिपीन्समधल्या वायएमसीएच्या एल्वूड ब्राऊन नावाच्या अमेरिकन माणसाची ही खटपट. त्यात अ‍ॅथलेटिक्स, बेसबॉल वगैरेबरोबर फुटबॉल पण होतं, आणि पहिल्याच वेळी फिलिपीन्सने चीनला २-१ हरवलं. आता "चीन" म्हणजे मुख्यतः हाँगकाँगच्या साऊथ चायना क्लबची पोरं, आणि फिलिपीन्सतर्फे उतरलेला बोहेमियन क्लब. नॅशनल टीम म्हणून सिलेक्शन कमिटी, कॅम्प वगैरे प्रकार नव्हता, जो क्लब तगडा तोच देशाचं नाव लावून उतरायचा.

मग पुढे कोण जिंकत होतं?

चीन. चीनच. १९१५ पासून १९३४ पर्यंत प्रत्येक वेळी, फक्त १९३० ला टोकियोत जपानशी ३-३ झालं आणि विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. १९१३ ते १९३४ मध्ये दहा वेळा हे गेम्स झाले, त्यातलं पहिलं सोडलं तर बाकी सगळीकडे चीनचं नाव आहे. आजच्या चीनच्या टीमचे हाल बघून हे खरं वाटत नाही, पण तेव्हा पूर्व आशियात त्यांना तोड नव्हती. आणि त्यांचा हिरो ली वाय-टाँग, १९०५ चा जन्म, हाँगकाँगचा. हा माणूस पुढे कोच म्हणूनही येणार आहे, नाव लक्षात ठेवा.

जपान पहिल्यापासूनच भारी होतं का?

छे! जपानची पहिली इंटरनॅशनल मॅच १९१७ च्या मे महिन्यात टोकियोत, म्हणजे घरच्याच मैदानावर, आणि चीनकडून ५-० मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी फिलिपीन्सबरोबर मॅच, त्यात १५-२. होय, पंधरा. जपानतर्फे टोकियोच्या एका शिक्षक प्रशिक्षण कॉलेजची पोरं खेळली होती, आणि समोर फिलिपीन्सच्या टीममध्ये होता पाउलिनो अल्कांतारा, जो बार्सिलोनाकडून खेळून आलेला. इलोइलोमध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी बार्सिलोनाच्या पहिल्या टीममध्ये गेलेला पोरगा, घरच्यांनी डॉक्टरकी शिकायला परत फिलिपीन्सला बोलावला म्हणून तो त्या वर्षी सापडला. बार्सिलोनासाठी त्याचे साडेतीनशेच्या वर गोल आहेत, अर्थात त्यात फ्रेंडली धरून. कॉलेजच्या पोरांसमोर असला माणूस उभा केल्यावर दुसरं काय होणार.

पण जपानचं कौतुक हे की एवढं पानिपत होऊन त्यांनी फुटबॉल सोडलं नाही. १९२१ ला असोसिएशन काढली, १९३० ला चीनला बरोबरीत रोखलं, आणि १९३६ ला बर्लिनमध्ये स्वीडनला हरवलं.

हे बर्लिनचं काय प्रकरण आहे?

१९३६ चं ऑलिम्पिक. स्वीडन म्हणजे तेव्हा पदकाच्या शर्यतीतली टीम आणि जपान म्हणजे कुणी हिशोबातही न धरलेली. हाफटाइमला स्वीडन २-० पुढे. नंतर जपानने तीन गोल मारले आणि ३-२ जिंकले. स्वीडिश रेडिओवर कॉमेंट्री करणारे स्वेन येरिंग इतके चक्रावले की "जपानी, आणखी जपानी" असंच बोलत राहिले, जिकडे बघावं तिकडे जपानी, आणि ते वाक्य स्वीडनमध्ये आजही लोकांना माहीत आहे. पुढच्या मॅचला इटलीने जपानला ८-० ने झोडपलं ते वेगळं. तिसरा गोल मारणारा मात्सुनागा पुढे युद्धात ग्वाडालकॅनालला मारला गेला.

या टीममधला एक खेळाडू किम योंग-सिक हा कोरियन होता. कोरिया जपानच्या ताब्यात, त्यामुळे खेळायचं तर जपानच्याच शर्टात. हाच किम १९५४ च्या वर्ल्ड कपला दक्षिण कोरियाचा कोच होता. अठरा वर्षांत एका माणसाच्या आयुष्यात काय काय उलथापालथ झाली बघा.

त्याच ऑलिम्पिकला चीन पण होतं, ग्रेट ब्रिटनकडून २-० हरलं. त्यांच्याकडे जायला पैसे नव्हते, म्हणून वाटेत आग्नेय आशिया आणि भारतात मॅचेस खेळत, गेटचे पैसे जमवत जमवत ते बर्लिनला पोचले. इतका प्रवास आणि इतक्या मॅचेस झाल्यावर ऑलिम्पिकसाठी पायात काय शिल्लक राहणार.

फार ईस्टर्न गेम्स बंद का पडले?

राजकारण. जपानने मांचुरिया बळकावून तिथे मांचुकुओ नावाचं कळसूत्री राज्य उभं केलं आणि १९३४ ला त्याला गेम्समध्ये घ्या म्हणून हट्ट धरला, चीन म्हणालं मुळीच नाही, आणि संघटना फुटली. १९३८ चे गेम्स ओसाकाला व्हायचे होते, झालेच नाहीत.

१९३४ च्या शेवटच्या गेम्समध्ये एक नवीन टीम आली होती, डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. त्यांनी आल्या आल्या जपानला ७-१ हाणलं.

वर्ल्ड कप खेळणारी पहिली आशियाई टीम कुठली? दक्षिण कोरिया ना?

क्विझमध्ये हमखास चुकणारा प्रश्न. दक्षिण कोरिया १९५४ ला गेलं. पहिली टीम हीच डच ईस्ट इंडीज, १९३८, फ्रान्स. क्वालिफाय कसे झाले? जपानशी मॅच होती, जपान चीनबरोबरच्या युद्धात अडकलेलं, त्यांनी माघार घेतली, झालं. मग जहाजाने युरोप गाठायचं आणि ५ जून १९३८ ला रँस शहरात हंगेरीसमोर उभं राहायचं. ६-०. नॉकआऊट फॉरमॅट होता त्यामुळे एक मॅच आणि घरी. इंडोनेशियाच्या नावावर वर्ल्ड कपमधली आजवरची तेवढी एकच मॅच आहे, आणि ती पण दुसऱ्याच्या झेंड्याखाली.

या टीमचा कॅप्टन अकमद नवीर, आणि तो चष्मा लावून खेळायचा. हंगेरी त्या वर्ल्ड कपची पुढे उपविजेती, त्यांचे फॉरवर्ड अंगावर येतायत आणि हा मिडफिल्डमध्ये चष्मा सांभाळत. पेशाने डॉक्टर. योगायोग असा की दहा वर्षांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक टीमचा कॅप्टन तालिमेरेन आओ, तो पण डॉक्टरकीचाच विद्यार्थी, नागा तरुण, कलकत्त्यात शिकणारा आणि मोहन बागानकडून खेळणारा. आणि अल्कांतारा तर वर आलाच आहे. त्या काळी आशियात मेडिकल आणि फुटबॉल एकत्र जमत होतं म्हणायचं, आताच्या नीटवाल्या पोरांना सांगून बघा.

भारताने १९५० चा वर्ल्ड कप बूट नव्हते म्हणून सोडला, हे खरं का?

हा प्रश्न दर वर्ल्ड कपला येतो आणि दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फॉरवर्ड फिरतं. नाही. बूट हे कारण टिकतच नाही. १९४८ ला लंडनमध्ये आपण बहुतेक सगळे अनवाणीच खेळलो, फ्रान्सकडून २-१ हरलो, दोन पेनल्टी घालवल्या, रामनने एक गोल मारला, आणि इंग्लिश पब्लिकने डोक्यावर घेतलं. आणि १९५२ ला हेलसिंकीत पण आपले कित्येक जण अनवाणी होते. म्हणजे १९५० ला अनवाणी चालत नव्हतं म्हणून गेलो नाही, मग दोन वर्षांनी फिनलंडला कसं चाललं?

खरं काय झालं, तर ब्राझीलला जायचं तिकीट आपल्याला एकही मॅच न खेळता मिळालं होतं, गटातल्या बर्मा (म्हणजे आजचं म्यानमार), इंडोनेशिया, फिलिपीन्स सगळ्यांनी माघार घेतली. आपला ग्रुप ठरला होता, इटली, स्वीडन, पॅराग्वे. आणि मग आपल्या फेडरेशनने पण माघार घेतली. प्रवास लांबचा, प्रॅक्टिसला वेळ नाही, सिलेक्शनचे घोळ अशी कारणं दिली गेली. पण शैलेन मन्नांसारखे त्या वेळचे खेळाडू नंतर हेच सांगत राहिले की वर्ल्ड कप म्हणजे काय चीज आहे हे तेव्हा आपल्याकडे कुणाला कळलंच नव्हतं, ऑलिम्पिक म्हणजे सर्वस्व. माझंही मत तेच आहे, आणि बुटांच्या गोष्टीने त्या वेळच्या कारभाऱ्यांची आयतीच सुटका होते म्हणून मला ती आवडत नाही.

मग बूट कधी आले?

हेलसिंकीनंतर. युगोस्लाव्हियाने १०-१ धुतलं, थंडी, ओलं मैदान. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले.

१९५१ च्या एशियन गेम्सचं गोल्ड किती मोठं होतं?

मोठंच होतं, पण संदर्भासकट बघा. दिल्लीतले पहिले एशियन गेम्स, मार्च महिना, फुटबॉलला फक्त सहा टीम: भारत, इराण, जपान, अफगाणिस्तान, इंडोनेशिया, बर्मा. कोरिया युद्धात जळत होता, चीनचे दोन तुकडे नुकतेच झालेले, पाकिस्तान आलं नाही. आपण इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि फायनलला इराणला १-० हरवलं, गोल साहू मेवालाल यांचा. इराण आणि जपानची सेमीफायनल ०-० सुटली, परत खेळवावी लागली, त्यामुळे इराण एक मॅच जास्त खेळून फायनलला आलं. कॅप्टन मन्ना, कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शिक्षक. पुढची बारा वर्षं भारतीय फुटबॉल म्हणजे जवळपास रहीमसाहेबच.

कोलंबो कप हा काय प्रकार होता?

विसरली गेलेली स्पर्धा. भारत, पाकिस्तान, सिलोन आणि बर्मा अशा चार टीमची, १९५२ ते १९५५. कोलंबो, रंगून, कलकत्ता, ढाका अशी फिरत फिरत झाली. पहिल्या वर्षी भारत-पाकिस्तान संयुक्त विजेते, पुढची तिन्ही वर्षं भारत. आजच्या दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ कपचा आजोबा म्हणा हवं तर. शेवटची ढाक्याला झाली म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे भारतीय टीम पाकिस्तानात जाऊन कप घेऊन आली आणि पब्लिक ते बघायला मैदानावर आलं. आज असल्या मॅचसाठी नुसत्या व्हेन्यूवर सहा महिने चर्चा चालते.

आशियाई फुटबॉल कॉन्फेडरेशन कधी स्थापन झालं, भारत त्यात होता का?

८ मे १९५४, मनिला, दुसऱ्या एशियन गेम्सच्या वेळी. बारा संस्थापक सदस्य: अफगाणिस्तान, बर्मा, तैवानमधलं चीन प्रजासत्ताक, हाँगकाँग, भारत, इंडोनेशिया, जपान, दक्षिण कोरिया, पाकिस्तान, फिलिपीन्स, सिंगापूर, दक्षिण व्हिएतनाम. यादीत अरब देश एकही नाही आणि साम्यवादी चीनही नाही, म्हणजे "आशिया" कुठून कुठपर्यंत हे पहिल्या दिवसापासूनच धूसर होतं.

१९५४ आणि १९५८ चं एशियन गेम्स गोल्ड तैवानला कसं? तैवानात फुटबॉल आहे?

टीम तैवानची, खेळाडू हाँगकाँगचे. हाँगकाँग ब्रिटिश वसाहत, तिथल्या भारी चिनी खेळाडूंनी हाँगकाँगच्या टीमऐवजी चीन प्रजासत्ताकाचा शर्ट घालणं पसंत केलं, आणि कोच कोण, तर तोच ली वाय-टाँग. १९५४ ला फायनलमध्ये दक्षिण कोरियाला ५-२, १९५८ ला ३-२. म्हणजे हाँगकाँगकडे आशियातले सर्वोत्तम खेळाडू होते आणि हाँगकाँगलाच ते मिळत नव्हते. १९५६ च्या आशिया कपला यजमान असून ते तिसरे आले त्याचं एक कारण हे.

आपण १९५४ ला जपानला ३-२ हरवलं आणि इंडोनेशियाकडून ४-० खाऊन ग्रुपमधूनच घरी आलो.

आता मुद्द्याचं: पहिला आशिया कप कसा झाला?

सप्टेंबर १९५६, हाँगकाँग, गव्हर्नमेंट स्टेडियम. चार टीम: यजमान हाँगकाँग, इस्राएल, दक्षिण कोरिया, दक्षिण व्हिएतनाम. सेमीफायनल नाही, फायनल नाही, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं आणि पॉइंट मोजायचे, जिंकलं तर दोन, बरोबरी झाली तर एक.

पहिली मॅच हाँगकाँग २, इस्राएल ३. मग हाँगकाँग-कोरिया २-२, कोरियाने इस्राएलला २-१ हरवलं, हाँगकाँग-व्हिएतनाम परत २-२, इस्राएल २-१ व्हिएतनाम. आता शेवटच्या दिवशीचं गणित बघा: इस्राएलच्या तिन्ही मॅच संपलेल्या, खात्यात ४ पॉइंट. कोरियाकडे ३. कोरियाला व्हिएतनामला हरवायचंच होतं, बरोबरी झाली असती तर दोघांचे चार-चार होऊन घोळ झाला असता. १५ सप्टेंबरला मॅच झाली आणि स्कोअर बघा, ५-३. तळाला असलेल्या टीमने पण तीन मारले. सहा मॅचमध्ये सत्तावीस गोल, आणि फायनल नसूनही शेवटची मॅच फायनलच झाली.

टॉप स्कोअरर इस्राएलचा नहूम श्टेलमाख, चार गोल.

त्यात भारत का नव्हता?

गेलोच नाही. त्याच वर्षाच्या शेवटी मेलबर्न ऑलिम्पिक होतं आणि आपल्या फेडरेशनला ऑलिम्पिकपुढे बाकी सगळं दुय्यम. वाईट याचं वाटतं की १९५६ ची आपली टीम कदाचित आपली आजवरची सगळ्यात भारी टीम होती.

मेलबर्नला नक्की काय केलं आपण?

चौथे आलो. ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला पोचलेली पहिली आशियाई टीम. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, वॉकओव्हर (परत तेच, माघार). मग यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक. नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा. सेमीफायनलला युगोस्लाव्हियासमोर हाफटाइमला ०-०, मग ५२ व्या मिनिटाला नेव्हिलनेच गोल मारला, म्हणजे काही मिनिटं भारत ऑलिम्पिक फायनलच्या वाटेवर होता. मग त्यांनी चार मारले. ब्राँझच्या मॅचला बल्गेरियाकडून ३-०. नेव्हिलचे एकूण चार गोल, स्पर्धेचा संयुक्त टॉप स्कोअरर.

मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जाणाऱ्या जुन्या लोकांना हे नाव तोंडपाठ असायचं, आता आसगाव म्हटलं की लोकांना फक्त कॅफे आठवतात.

दुसऱ्या आशिया कपच्या खोट्या मेडल्सची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९६०, सोल, स्पर्धेसाठी बांधलेलं ह्योचांग स्टेडियम, पब्लिकची ही गर्दी. कोरियाने व्हिएतनामला ५-१, इस्राएलला ३-०, तैवानला १-० हरवून कप राखला. खेळाडूंना गोल्ड मेडल दिली, आणि नंतर कळलं की ती सोन्याची नाहीतच, वरचा मुलामा निघतोय. पोरं भडकली, मेडल फेडरेशनला परत केली. त्यानंतर कोरियाने आशिया कप जिंकलेला नाही, त्यामुळे तिकडे याला खोट्या मेडलचा शाप म्हणतात. काही वर्षांपूर्वी फेडरेशनने खरी मेडल बनवून त्या खेळाडूंना, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना द्यायला घेतली, पण शाप काही उतरला नाही. सोन ह्युंग-मिन असतानाही २०२४ ला सेमीफायनलला जॉर्डनकडून हरले.

या १९६० च्या स्पर्धेची एक क्वालिफायिंग फेरी आपल्याकडे कोचीत, एर्नाकुलमला झाली होती, डिसेंबर १९५९ ला. भारत, इराण, पाकिस्तान, इस्राएल. इस्राएल पुढे गेलं.

१९६२ जकार्ता: एवढं वातावरण का तापलं होतं?

यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या टीमला व्हिसाच दिले नाहीत. आपले गुरुदत्त सोंधी, ज्यांनी एशियन गेम्सची मूळ कल्पना उभी केली, ते म्हणाले मग या गेम्सना एशियन गेम्स म्हणायचा अधिकार नाही. झालं, जकार्तात भारताविरुद्ध संताप, आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलची फायनल. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया, आणि स्टेडियम भारताच्या नावाने बोंबलतंय. सांगतात की त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे म्हणजे पाकिस्तानच्या हॉकी टीमवाले.

ग्रुपमध्ये याच कोरियाने आपल्याला २-० हरवलं होतं. डिफेंडर जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी काय केलं, तर त्याला बसवला नाही, उलट सेंटर फॉरवर्डला टाकला! डोक्याला पट्टी, धिप्पाड सरदार, आणि नेहमी मागे खेळणारा माणूस अचानक आपल्या गोलसमोर बघून कोरियाचे डिफेंडर गांगरले असणार. फायनलला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल मारला, आणि तीनच मिनिटांत दुसरा, जर्नेलने. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, २-१. कॅप्टन चुनी गोस्वामी, मिडफिल्डमध्ये गोव्यातल्या कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको, हा पण टाटाकडूनच. रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्या जूनमध्ये ते गेले. एशियन गेम्सच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर आपल्याला परत गोल्ड नाही.

१९६४ ला आपण आशिया कपमध्ये दुसरे आलो, मग ते का मिरवत नाही कुणी?

मिरवतात, पण अर्धवट. आपल्या गटातल्या बाकी टीमनी माघार घेतली म्हणून आपण मेन राऊंडला. स्पर्धा इस्राएलमध्ये, म्हणून कितीतरी देश मुळात फिरकलेच नाहीत. तिथे चार टीम. कोरियाला २-० हरवलं, हे मात्र खणखणीत. इस्राएलकडून २-०, हाँगकाँगला ३-१. इस्राएल पहिले, आपण दुसरे, कोच इंग्लंडचे हॅरी राईट. इंदर सिंगचे दोन गोल, टॉप स्कोअररमध्ये संयुक्त. त्यामुळे "आशियात दुसरे" हे खरंच आहे, फक्त त्या आशियात चार देश होते एवढं पुढे जोडा. ज्यांना हे ऐकून राग येतो त्यांनी कोरियाच्या पहिल्या दोन कपांनाही हाच नियम लावावा, त्या पण चारच्याच स्पर्धा.

जपान-कोरिया दुश्मनी कुठून सुरू झाली, म्हणजे फुटबॉलपुरती?

मार्च १९५४, वर्ल्ड कप क्वालिफायर. एक मॅच सोलला आणि एक टोकियोला व्हायला हवी होती. पण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना जपानी टीम कोरियाच्या भूमीवर नको होती, स्वातंत्र्य मिळून नऊ वर्षं पण झाली नव्हती, म्हणून दोन्ही टोकियोत. कोरिया ५-१ जिंकलं, मग २-२. आणि वर्ल्ड कपला स्वित्झर्लंडमध्ये पोचेपर्यंत मॅच तोंडावर आलेली, धड झोप नाही, समोर पुष्काशची हंगेरी. ९-०. मग तुर्कस्तान, ७-०. युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशाची टीम होती ती, त्या स्कोअरवर हसणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

माघारीमुळे कुणाचा फायदा पण झाला का?

झाला ना, वेल्सचा! १९५८ च्या वर्ल्ड कपसाठी आशिया-आफ्रिका गटात तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त, सुदान कुणीच इस्राएलशी खेळलं नाही. तुर्कस्तानचं म्हणणं आम्हाला आशियात टाकलंच का, इंडोनेशियाला त्रयस्थ मैदान हवं होतं, बाकीच्यांचा सरळ बहिष्कार. एकही मॅच न खेळता वर्ल्ड कपला पाठवायचं नाही असं फिफाने ठरवलं, आणि युरोपात बाद झालेल्या टीममधून चिठ्ठी काढून वेल्सला इस्राएलसमोर उभं केलं. वेल्स दोन्ही मॅच २-० जिंकलं आणि स्वीडनला जाऊन क्वार्टर फायनलपर्यंत पोचलं, तिथे सतरा वर्षांच्या पेलेने त्यांना घरी पाठवलं.

मर्डेका स्पर्धा आशिया कपपेक्षा मोठी होती म्हणतात, खरं का?

काही वर्षं तरी हो. मलायाच्या स्वातंत्र्यानिमित्त १९५७ ला क्वालालंपूरला सुरू झाली, पहिली हाँगकाँगवाल्यांनी जिंकली. पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान स्वतः फुटबॉलवेडे, १९५८ पासून आशियाई कॉन्फेडरेशनचे अध्यक्ष पण तेच. आशिया कप चार वर्षांनी चार टीमचा, ही दर वर्षी आणि टीम भरपूर, मग खेळाडूंची खरी कसोटी इथेच लागायची. आपण १९५९ आणि १९६४ ला उपविजेते.

आशिया कप "खरा" कधी वाटायला लागला?

१९६८, तेहरान. पाच टीम झाल्या आणि इराणने घरच्या मैदानावर इस्राएलला २-१ हरवून कप नेला, बर्मा दुसरं. बर्मा! आजच्या पोरांना हे पण सांगावं लागतं. १९७२ ला बँकॉकमध्ये ग्रुप आले, नॉकआऊट आलं, आणि पहिली खरीखुरी फायनल झाली, इराण २, कोरिया १, एक्स्ट्रा टाइममध्ये.

१९७४ ला कुवेतच्या ठरावावर मतदान होऊन इस्राएलला कॉन्फेडरेशनमधून काढलं, ते पुढे वीस वर्षं इकडेतिकडे भटकत शेवटी युरोपात गेले. पहिले चारही कप खेळलेली, एक जिंकलेली टीम यादीतून गायब.

बायकांच्या स्पर्धेचं काय?

१९७५, हाँगकाँग, आणि जिंकलं कोण? न्यूझीलंड. फायनलला थायलंडला ३-१. न्यूझीलंड आशियात कधी होतं हे विचारू नका, त्या पहिल्या स्पर्धेला ऑस्ट्रेलिया पण होतं.

आता तरी हे माघारीचं थांबलं असेल ना?

कारणं बदलली. जानेवारी २०२२ मध्ये बायकांचा आशिया कप आपल्याकडे झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. आपल्या टीमने इराणशी ०-० केलं, पुढची मॅच तैवानशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, आणि कॅम्पमध्ये इतक्या जणींना कोविड झाला की मॅचसाठी किमान लागणाऱ्या तेरा जणी पण उभ्या करता येईनात. मॅच झाली नाही, नियमाप्रमाणे माघार धरली गेली, आणि यजमान भारताच्या नावापुढची इराणची ती मॅच पण टेबलमधून काढून टाकली.